घासून गुळगुळीत झालेली गाणी आणि बँडांची सोयरीक

जुनी कॅसेट (धागाकर्ता)

रॉक ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे अशी पाच-सात गाणी असतातच, की ज्यांचे पहिले दोन सूर कानावर पडताच हात आपोआप पुढचे गाणे लावायला सरसावतो. माझ्यापुरते सांगायचे तर 'स्मोक ऑन द वॉटर', 'स्टेअरवे टू हेवन', 'हॉटेल कॅलिफोर्निया' आणि 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' ही चार गाणी या यादीत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली आहेत. ती वाईट आहेत असे मी चुकूनही म्हणणार नाही, कारण यांतल्या एकेका गाण्यासाठी मी एके काळी रात्री जागवल्या आहेत. पण अतिपरिचयाने जे व्हायचे ते झाले आणि ऐकून ऐकून कान किटले.

याखेरीज मला एक जुना नाद आहे. कोणता वादक कोणत्या बँडमधून निघून कुठे गेला, त्याच्या जागी कोण आला आणि तो आधी कोणाकडे होता, याच्या वंशावळी मी वहीत काढत बसतो. (पीट फ्रेम या ब्रिटिश लेखकाने असे वंशवृक्ष बारीक अक्षरात हाताने काढून त्यांची पुस्तकेच प्रसिद्ध केली, त्यांच्यापुढे माझी वही म्हणजे निव्वळ रेघोट्या.) किटलेली गाणी आणि बँडांची सोयरीक हे दोन विषय आजवर माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होते. अलीकडे ते एकमेकांत मिसळले आणि बाद करून टाकलेले एक गाणे मला पुन्हा ऐकू येऊ लागले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा धागा काढला आहे.

ते गाणे म्हणजे डीप पर्पल या ब्रिटिश बँडचे 'स्मोक ऑन द वॉटर'. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथील कॅसिनोत अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा यांचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा उडवणारे पिस्तूल) उडवली आणि ती सबंध इमारत जळून खाक झाली. डीप पर्पल त्याच कॅसिनोत आपल्या नव्या अल्बमचे ध्वनिमुद्रण करणार होते आणि त्यासाठी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रसामग्री बसवलेला ट्रक, त्यांनी भाड्याने आणला होता. जागाच गेल्यावर त्यांनी आधी एका नाट्यगृहात बस्तान मांडले, तिथे आवाजाच्या तक्रारींमुळे पोलीस येऊन थडकले, आणि शेवटी हिवाळ्यापुरत्या बंद असलेल्या एका हॉटेलात बाकीचे काम उरकावे लागले. इथपर्यंतचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, कारण गाण्याचे शब्द म्हणजे या घटनेचा जवळजवळ पंचनामाच आहे.

खरी गंमत यापुढे आहे. झॅपा यांच्या गुंतागुंतीच्या रचना ऐकून त्यांचे स्वरलेखन करून देणारा स्टीव्ह वाय हा तरुण गिटारवादक १९८० मध्ये त्यांच्या बँडमध्ये दाखल झाला. या वायला किशोरवयात गिटार शिकवली होती जो सॅट्रियानी यांनी. १९९३ च्या अखेरीस रिची ब्लॅकमोर दौरा अर्ध्यावर टाकून डीप पर्पलमधून बाहेर पडले, तेव्हा ठरलेले कार्यक्रम पार पाडण्यासाठी ज्यांना बोलावणे गेले ते हेच सॅट्रियानी. म्हणजे ज्यांच्या कार्यक्रमात आग लागली, त्यांच्या वादकाचा गुरू त्या आगीवरचे गाणे मूळ गिटारवादकाच्या जागी उभा राहून वाजवत होता. हे कमी होते म्हणून की काय, स्वतः वाय १९८९ मध्ये व्हाइटस्नेकच्या अल्बमवर वाजवून गेला होता. व्हाइटस्नेक हा डेव्हिड कव्हरडेल यांचा बँड, आणि इयन गिलन १९७३ मध्ये गेल्यावर डीप पर्पलच्या गायकाची जागा भरून काढली ती याच कव्हरडेल यांनी.

गिलन यांच्या बाजूची फांदीही तितकीच वाकडीतिकडी आहे. ब्लॅकमोर यांनी १९७५ मध्ये डीप पर्पल सोडून गायक रॉनी जेम्स डिओ यांना घेऊन रेनबो उभा केला. डिओ तिथून निघाले आणि १९७९ मध्ये ओझी ऑस्बोर्न यांच्या जागी ब्लॅक सॅबथमध्ये गेले. ते सॅबथमधूनही बाहेर पडल्यावर १९८३ मध्ये त्या जागी आले चक्क गिलन, आणि त्यांच्यासोबतच्या दौऱ्यात ब्लॅक सॅबथ शेवटी 'स्मोक ऑन द वॉटर' वाजवत असे. स्वतःची डझनभर अजरामर गाणी गाठीशी असलेला बँड दुसऱ्याचे सर्वांत घासलेले गाणे वाजवतो आहे, ही कल्पना त्या वेळी अनेकांना रुचली नाही. मला मात्र ते ध्वनिमुद्रण ऐकताना हे गाणे अनेक वर्षांनी अनोळखी वाटले. सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी यांचा जाडजूड, खाली दबलेला नाद त्या ओळखीच्या सुरावटीला पार वेगळे वजन देतो.

यावरून माझे असे मत झाले आहे की गाणे केवळ पुनःपुन्हा ऐकल्याने झिजत नाही. अल्बममधल्या शेजाऱ्यांपासून, वाजवणाऱ्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या कामापासून तोडून ते एकट्याने ऐकवले जाते, म्हणून ते झिजते. त्याचा गोतावळा त्याला परत मिळवून दिला, तर निदान काही गाणी तरी पुन्हा उभी राहतात. आपला अनुभव काय आहे?

रात्रपाळी

मी काही वर्षे एका रेडिओ केंद्रावर गाण्यांच्या याद्या लावण्याचे काम केले आहे, त्यामुळे 'एकटे पाडणे' हा शब्दप्रयोग मला फार नेमका वाटला. हे एकटे पाडणे कसे घडते ते सांगतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात 'क्लासिक रॉक' हा साचा रूढ झाला आणि पुढे सगळीकडे त्याची नक्कल झाली. या साच्यात कोणते गाणे वाजवायचे हे निवेदकाच्या आवडीवर सोडलेले नसते. श्रोत्यांचा एक गट सभागृहात बसवून त्यांना शेकडो गाण्यांचे केवळ काही सेकंदांचे तुकडे ऐकवतात आणि प्रत्येक तुकड्याला गुण द्यायला सांगतात. तुकडा अर्थातच गाण्यातल्या सर्वांत ओळखीच्या जागेचा असतो. इतक्या कमी वेळात माणूस गाण्याचे मोल ठरवू शकत नाही, तो फक्त ओळख पटली की नाही एवढेच सांगू शकतो. ओळख पटली की गुण वाढतात, गुण वाढले की गाणे अधिक वाजते, आणि अधिक वाजले की पुढच्या चाचणीत त्याची ओळख आणखी पक्की होते. अल्बमच्या दुसऱ्या बाजूवरचे तिसरे गाणे या चक्रात कधी शिरूच शकत नाही.

आता रेडिओची जागा स्ट्रीमिंगने घेतली आहे, पण चक्र तेच आहे. कलाकाराचे पान उघडले की सर्वांत वर त्याची लोकप्रिय गाणी दिसतात, नवखा श्रोता तीच लावतो आणि त्यामुळे ती वरच राहतात.

एक गोष्ट मात्र धागाकर्त्यांच्या मताच्या विरुद्ध जाणारी आहे. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये असे दाखवले की एखादी गोष्ट वारंवार समोर आली, की केवळ त्या परिचयामुळेच ती आवडू लागते. पुढच्या अभ्यासकांनी त्याला पुरवणी जोडली, की ही आवड एका टप्प्यापर्यंत चढते आणि मग उतरू लागते. म्हणजे झिजण्यात पुनरावृत्तीचा हात आहेच. गोतावळा दाखवून तो उतार थोडा लांबवता येईल, पण पुसता येईल असे मला वाटत नाही.

खर्जातला

मी हौशी बँडमध्ये बेस वाजवतो, आणि मला या वंशावळींबद्दल एक तक्रार आहे. कोण कुठून कुठे गेला ही माहिती कानाला ऐकू आली नाही, तर ती निव्वळ चहाटळकी ठरते. आणि खरे सांगायचे तर सोयरिकीच्या कथासुद्धा गाण्यांइतक्याच घासल्या जातात. यार्डबर्ड्समध्ये आधी एरिक क्लॅप्टन, मग जेफ बेक, मग जिमी पेज होते, आणि १९६८ मध्ये तो बँड फुटल्यावर पेज यांनी लेड झेपलिन उभा केला, ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की ती वंशावळींमधली 'स्टेअरवे टू हेवन'च झाली आहे. कोणी ती सुरू केली की मी खोलीबाहेर जातो.

कानाला ऐकू येणारी सोयरीक कशी असते याचे माझे आवडते उदाहरण बॅड कंपनीचे आहे. त्यांचे बेसवादक बॉझ बरेल हे आधी किंग क्रिम्झनमध्ये गायक होते आणि त्यांना बेस वाजवता येत नव्हता. बेसवादक मिळेना, म्हणून त्या बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी त्यांना हाताशी धरून शिकवले. किंग क्रिम्झनचे संगीत म्हणजे विषम मात्रांचे जंगल. त्यात घडलेला हा माणूस पुढे १९७३ मध्ये पॉल रॉजर्स, सायमन कर्क आणि मिक राल्फ्स यांच्यासोबत अगदी सरळसोट, चार मात्रांच्या रॉकमध्ये येतो. 'फील लाइक मेकिंग लव्ह' हे गाणे सर्वांचेच ऐकून झालेले आहे, पण एकदा फक्त बेसकडे कान देऊन पाहा. तो जागा भरत सुटत नाही, योग्य ठिकाणी थांबतो, आणि गायकाच्या दोन ओळींमधली पोकळी तशीच राहू देतो. आधी गायक असलेल्या माणसाचा तो बेस आहे, हे कळल्यावर ते थांबणे मला ऐकू येऊ लागले. एरवी मी ते गाणे कधीच पूर्ण ऐकले नसते.

'स्मोक ऑन द वॉटर'च्या झिजण्यात आम्हा वादकांचाही मोठा हात आहे, हेही कबूल करतो. गिटार हातात घेतलेला प्रत्येक नवशिका ते वाजवतो आणि जवळजवळ प्रत्येक जण चुकीचे वाजवतो. ब्लॅकमोर ते दोन-दोन स्वरांच्या जोड्यांत वाजवतात, त्या जोड्यांमधले अंतर षड्ज-मध्यमाचे असते, आणि तारा पिकने न छेडता बोटांनी उचललेल्या असतात, त्यामुळे दोन्ही स्वर एकाच क्षणी उमटतात. नवशिके षड्ज-पंचमाचे पॉवर कॉर्ड घेऊन पिकने खरवडतात. मूळ ध्वनिमुद्रणात गिटारच्या जोडीने जॉन लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन तीच सुरावट वाजवतो, आणि तो गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून काढलेला असल्याने कुठे गिटार संपते आणि कुठे ऑर्गन सुरू होतो ते पटकन लक्षात येत नाही. आपले कान खरे तर किटले आहेत ते वाद्यांच्या दुकानातल्या त्या नकलेने. मूळ गाणे आपण नीट ऐकून किती वर्षे झाली?

कोरी पाटी

रेडिओ आणि नवशिके यांच्यावर सगळा दोष टाकण्याआधी खुद्द कलाकारांना या गाण्यांचे काय वाटते, याचाही विचार व्हावा असे मी म्हणेन. लेड झेपलिनचे गायक, म्हणजे 'स्टेअरवे टू हेवन' गाणारे रॉबर्ट प्लांट यांचा किस्सा प्रसिद्धच आहे. पोर्टलंडमधल्या, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या एका रेडिओ केंद्राने निधी गोळा करताना असे जाहीर केले, की आम्ही 'स्टेअरवे टू हेवन' कधीही वाजवणार नाही. हे ऐकून प्लांट यांनी स्वतः देणगी दिली. रेडिओहेडने 'क्रीप' हे गाणे कार्यक्रमांत कित्येक वर्षे टाळले. निर्वाणा या बँडचे गायक कर्ट कोबेन यांनाही आपल्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'चा लवकरच कंटाळा आला होता. गाणारालाच जे गाणे नकोसे झाले आहे, त्याचा गोतावळा शोधून आपण त्याला ताजे करू पाहतो, यात थोडा विनोद आहे.

तरीही धागाकर्त्यांच्या युक्तीने मी कोबेन यांच्या गाण्याकडे पुन्हा वळून पाहिले, आणि तिथे मला सोयरीक वेगळ्या प्रकारची दिसली. १९९४ मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे की हे गाणे करताना ते पिक्सीज या बँडची नक्कल करू पाहत होते. दबक्या आवाजातले कडवे आणि एकदम फुटणारे ध्रुवपद ही रचना तिथून आली. पिक्सीजचा १९८८ चा 'सर्फर रोझा' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला होता स्टीव्ह अल्बिनी यांनी, आणि निर्वाणाने १९९३ मध्ये 'इन युटेरो'साठी नेमके त्यांनाच गाठले. म्हणजे कोणीही बँड बदललेला नाही, वंशवृक्षात एकही रेघ ओढता येत नाही, पण नाते मात्र कोणत्याही वादक-अदलाबदलीपेक्षा घट्ट आहे. ध्वनिमुद्रण करणारी माणसे वह्यांमधून नेहमी गळतात, ही माझी तक्रार समजावी.

'क्रीप'विषयी एक रेघ मात्र वहीत जरूर ओढावी. त्या गाण्याची चाल हॉलीज यांनी गायलेल्या 'द एअर दॅट आय ब्रीद'शी इतकी जुळते की त्याचे मूळ रचनाकार अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवुड यांना पुढे 'क्रीप'च्या श्रेयात स्थान मिळाले. या हॅमंड यांचा मुलगा, अल्बर्ट हॅमंड ज्युनियर, द स्ट्रोक्समध्ये गिटार वाजवतो.

दुपारची उन्हे

थोडक्यात भर घालतो. 'हॉटेल कॅलिफोर्निया' ध्वनिमुद्रित झाले तेव्हा ईगल्सचे बेसवादक होते रँडी माइझनर. ते मुळात पोको या बँडमध्ये होते आणि ते सोडून गेल्यावर पोकोने टिमथी श्मिट यांना घेतले. पुढे १९७७ मध्ये माइझनर यांनी ईगल्सही सोडले, तेव्हा त्यांच्या जागी पुन्हा श्मिट यांनाच बोलावण्यात आले. एकाच माणसाची रिकामी खुर्ची दोन वेगवेगळ्या बँडांत भरून काढणारा दुसरा कोणी मला तरी आठवत नाही. गाणे मात्र यामुळे मला ताजे वाटलेले नाही. क्षमस्व.

जुनी कॅसेट

सर्वांचे आभार. खर्जातला यांची तक्रार मला मान्य आहे, आणि माझ्या वहीतली निम्मी पाने त्या कसोटीवर रद्द होतील याचीही जाणीव आहे. श्मिट यांची गोष्ट ऐकून मला मजा वाटली, पण तिच्यामुळे गाण्यातला एकही सूर वेगळा ऐकू आला नाही, तेव्हा दुपारची उन्हे यांचे म्हणणे रास्त आहे. गिलन यांची गोष्ट कानाला लागली, कारण तिच्या टोकाला खरोखरच एक वेगळे वादन होते.

कोरी पाटी यांनी ध्वनिमुद्रकांचा मुद्दा काढला, त्यावरून स्टोन्सच्या त्या ट्रककडे पुन्हा लक्ष वेधावेसे वाटते. माँत्रोला जाण्याआधी त्याच वर्षी तो ट्रक हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्याबाहेर उभा होता आणि आत लेड झेपलिन आपल्या चौथ्या अल्बमवर काम करत होते. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधला जॉन बोनम यांचा तो घुमणारा ड्रम तिथल्या जिन्याच्या पोकळीत वाजवला गेला आणि याच ट्रकमध्ये टिपला गेला. आपल्या यादीतल्या दोन सर्वाधिक घासलेल्या गाण्यांचे अल्बम असे एकाच गाडीतून जन्माला आले आहेत.

रात्रपाळी

एक दुरुस्ती नव्हे, तर खुलासा. 'स्टेअरवे टू हेवन'चे शब्द हेडली ग्रेंजमध्ये सुचले, पण त्याचे मुख्य ध्वनिमुद्रण लंडनच्या आयलंड स्टुडिओत झाले. अल्बमचे नाते ट्रकशी आहे, त्या गाण्याचे तितकेसे नाही.

त्या गाण्याची एक सोयरीक तर थेट न्यायालयात गेली. २६ डिसेंबर १९६८ रोजी लेड झेपलिनने अमेरिकेतला आपला पहिला कार्यक्रम डेन्व्हरमध्ये केला, आणि त्याच मंचावर त्या दिवशी स्पिरिट हा बँडही होता. स्पिरिटच्या 'टॉरस' या वाद्यरचनेतली उतरत जाणारी सुरावट 'स्टेअरवे'च्या सुरुवातीत घेतली आहे, असा दावा पुढे २०१४ मध्ये दाखल झाला. २०१६ मध्ये ज्यूरीने लेड झेपलिनच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला. 'टॉरस'चे रचनाकार रँडी कॅलिफोर्निया यांचे तोवर निधन झालेले होते. हे तेच कॅलिफोर्निया, ज्यांना १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी जिमी हेंड्रिक्स यांनी आपल्या बँडमध्ये घेतले होते. त्या बँडमध्ये दोन रँडी झाल्यामुळे एकाला टेक्सस आणि दुसऱ्याला कॅलिफोर्निया म्हणण्याची पद्धत हेंड्रिक्स यांनीच पाडली.

न्यायालयाचा निकाल बाजूला ठेवून मी काल रात्री दोन्ही रचना लागोपाठ ऐकल्या. 'टॉरस'ची सुरावट उतरते आणि तिथेच संपते, तिला पुढे कुठेही जायचे नाही. तिच्यानंतर लगेच 'स्टेअरवे' लावले, तर तीच उतरण एखाद्या दाराच्या उंबरठ्यासारखी वाटते. गाणे मी आठही मिनिटे ऐकले, जे मी गेल्या दहा वर्षांत केले नव्हते. पुन्हा लगेच ऐकेन असे मात्र नाही.

खर्जातला

या धाग्याचा परिणाम म्हणून काल सरावात आमच्या गिटारवादकाला मी 'स्मोक ऑन द वॉटर' पिक बाजूला ठेवून, षड्ज-मध्यमाच्या जोड्यांत बोटांनी वाजवायला लावले. पहिल्या दोन आवर्तनांत तो चाचपडला, तिसऱ्याला बसले, आणि तो नाद दुकानात ऐकू येणाऱ्या नादापेक्षा इतका आटोपशीर होता की आम्ही सगळेच थोडे गप्प झालो. कीबोर्डवाला न सांगता त्यात शिरला. ड्रमरने मात्र हात बांधून ठेवले होते. त्याचे म्हणणे असे, की हे गाणे वाजवणार नाही अशी अट घालूनच तो आमच्या बँडमध्ये आला आहे. याआधीचा त्याचा बँड त्याने कशामुळे सोडला, ते त्यावरून आम्हाला कळले.